साकुरा नसताना जपान

गुरुवार : नारिता, निशी-कासाई

सप्टेंबरात जपानला चाललोय म्हटलं की समोरून एकच प्रश्न यायचा, "मग साकुरा?" साकुरा, म्हणजे चेरीचा मोहोर, मार्चअखेरीस फुलतो आणि एप्रिलमध्ये संपतो. सप्टेंबरात त्या झाडांवर पानंच असतात, तीही गळायला लागलेली. आम्ही निघालो कारण भाची टोकियोत नोकरीला आहे, तिला रजा याच आठवड्यात मिळत होती आणि तिकिटं स्वस्त होती. ताईचा, म्हणजे भाचीच्या आईचा, आक्षेप वेगळाच. "पक्ष चालू आहे. पक्षात कोणी फिरायला निघतं का?" भाचीने फोनवर शांतपणे सांगितलं, "आई, इथेही आता पक्षच आहे." ती काय म्हणत होती ते रविवारी कळलं.

विमानतळावर शेजारच्या रांगेत जपानी प्रवाशांच्या हातात लाल पासपोर्ट होते आणि त्यावर सोनेरी रंगात सोळा पाकळ्यांचं एक फूल. शेवंती. जपानीत किकु. चीनमधून हे फूल औषधी वनस्पती म्हणून आलं. ते पिऊन, हुंगून आयुष्य वाढतं असा समज होता. पुढे गो-तोबा नावाच्या सम्राटाला ते इतकं आवडलं की त्याने आपल्या वस्तूंवर ते चिन्ह वापरायला सुरुवात केली, आणि हळूहळू ते राजघराण्याचंच चिन्ह होऊन बसलं. आजही जपानच्या कायद्यानुसार या शेवंतीचा ट्रेडमार्क कोणाला घेता येत नाही.

गाडीत भाचीने तळहातावर चिल्लर पसरून दाखवली. ५० येनच्या नाण्यावर शेवंती, १०० येनच्या नाण्यावर साकुरा, ५०० येनच्या नाण्यावर किरी म्हणजे पावलोनियाच्या झाडाची फुलं. ही किरी सरकारची खूण. पंतप्रधान ज्या पोडियममागे उभे राहून बोलतात त्यावरही तीच असते. नव्या ५००० येनच्या नोटेच्या मागे फुजी आहे, जांभळ्या झुपक्यांची विस्टेरियाची वेल. आधीच्या नोटेवर ओगाता कोरिनने पडद्यावर रंगवलेले आयरिस होते. नोटांवर माणसं असतात, पण नाण्यांवर एकही नाही. "म्हणजे राजाचं फूल पन्नासला आणि साकुरा शंभरला?" ताईने लगेच हिशेब मांडला.

भाची राहते त्या निशी-कासाईत भारतीय इतके आहेत की संध्याकाळी स्टेशनबाहेर दोनदा मराठी कानावर आली. घराखालच्या सुपरमार्केटमध्ये दाराशीच बादल्यांत फुलं ठेवलेली. पांढरी-पिवळी शेवंती, मध्ये थोडा जांभळा रंग, मागे हिरवी पानं, जुडी व्यवस्थित बांधलेली. ताईने दोन उचलल्या. भाचीने हळूच परत ठेवायला लावल्या. "आई, या थडग्यावर वाहायच्या जुड्या आहेत. म्हणून जोडीने विकतात."

पासपोर्टवरचं राजाचं फूल आणि मृतांपुढचंही तेच. एका दिवसात एवढं पुरे होतं.

शुक्रवार : किंचाकुदा

टोकियोतल्या इकेबुकुरोहून सेइबु कंपनीच्या गाडीने साधारण तासाभरात कोमा स्टेशन येतं. स्टेशनबाहेर दोन उंच लाल खांब उभे आहेत, त्यावर कोरलेले उग्र चेहरे. हे कोरियन पद्धतीचे रक्षक. कोगुर्यो हे कोरियातलं राज्य बुडाल्यावर तिथून जपानला आलेल्या १७९९ लोकांना ७१६ साली या भागात वसवलं गेलं, त्यांची ही आठवण. तिथून पंधरा मिनिटं चाललं की कोमा नदी एक मोठं वळण घेते आणि मध्ये बटव्याच्या आकाराची जमीन उरते. किंचाकु म्हणजे बटवा. त्या बटव्याच्या काठाने, झाडांच्या सावलीत, हिगानबानाची पन्नास लाख लाल फुलं. फुलांच्या दिवसांत ५०० येन तिकीट.

फोटो सगळ्यांनीच पाहिलेले असतात, तरी ते लाल काही कॅमेऱ्यात येत नाही. गुडघ्याएवढा हिरवा दांडा, त्यावर एकही पान नाही आणि टोकाला मागे वळलेल्या पाकळ्यांचा नि लांब पुंकेसरांचा लाल स्फोट. यंदा उन्हाळा लांबला होता. नदीच्या वरच्या अंगाला फुलं भरात होती, खाली अजून नुसते दांडे, त्यांची टोकं बंद. एरवी हे फूल वेळेचं फार पक्कं म्हणून ओळखलं जातं. शरदसंपाताचा, म्हणजे सप्टेंबरात दिवस-रात्र समान होतात तो आठवडा आला की ते उगवतं. तो आठवडा म्हणजे ओहिगान, आणि हिगान म्हणजे पैलतीर. फुलाचं नाव तिथूनच आलं.

फूल येतं तेव्हा पानं नसतात. फुलं गेली की पानं येतात, हिवाळाभर राहतात आणि वसंतात सुकून जातात. दोघांची भेट कधीच होत नाही. या एका गोष्टीवर जपानी लोकांनी विरहाच्या किती कथा रचल्या असतील! अॅनिमेत, म्हणजे जपानी अॅनिमेशनपटांत, लाल फुलांचं शेत दिसलं की आता कोणीतरी मरणार, हे भाची पैजेवर सांगते. खेड्यापाड्यांत या फुलाला शेकडो नावं आहेत. मढ्याचं फूल, भुताचं फूल, नरकाचं फूल, टाकून दिलेल्या पोराचं फूल. आणि या सगळ्यांच्या बरोबरीने मांजुशागे. हे नाव आपल्याकडचं. संस्कृतातलं मंजूषक. सद्धर्मपुंडरीक सूत्रात बुद्ध उपदेशाला बसतात तेव्हा आकाशातून ज्या दिव्य फुलांचा वर्षाव होतो, त्यांपैकी हे एक. म्हणजे एकाच दांड्यावर नरकही आणि स्वर्गही. किंचाकुदाच्या सगळ्या पाट्यांवर अर्थातच मांजुशागे लिहिलेलं आहे. मढ्याच्या फुलाला कोण ५०० येन देईल?

माझ्या फोनमध्ये फुलांच्या अर्थांची एक यादी होती. हिगानबाना : दुःखद आठवण, पुन्हा भेट, उत्कट प्रेम. या याद्यांना हानाकोतोबा म्हणतात. जपानात कार्डांवर, फुलांच्या दुकानांत त्या सर्रास दिसतात. पण त्या फार जुन्या नाहीत. मेइजी काळात (१८६८ ते १९१२) युरोपातली फुलांची भाषा जपानात आली आणि तिच्यावरून हे अर्थ बेतले गेले. मला त्या याद्या गोड पण पोकळ वाटतात. गावातल्या माणसाने फुलाला मढ्याचं नाव का दिलं असेल, ते त्या यादीत नसतं.

नदीकाठी एका फलकावर या जागेचं कारण दिलेलं. पुरात वरून कंद वाहत आले आणि या वळणावर अडकले. हे सांगण्यासारखं आहे, कारण जपानातला हिगानबाना बी धरत नाही. त्याचा प्रसार कंदानेच होतो. म्हणजे जिथे जिथे तो दिसतो, तिथे त्याला एक तर पाण्याने आणलंय किंवा माणसाने मुद्दाम लावलंय. मुद्दाम कशासाठी लावत असतील, हा प्रश्न ताईने तिथेच विचारला. त्याचं उत्तर असुकात मिळालं.

शनिवार : मुकोजिमा

आज फार चालायचं नाही असं ठरलं होतं. हिगाशी-मुकोजिमा स्टेशनजवळ मुकोजिमा-ह्याक्काएन नावाची लहानशी बाग आहे. तिकीट फक्त १५० येन. १८०४च्या सुमारास साहारा किकुउ नावाच्या एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याने, कवी आणि चित्रकार मित्रांच्या मदतीने ती उभी केली. टोकियोतल्या इतर जुन्या बागा सरदारांच्या. ही सामान्य माणसाने केलेली, आणि ते जाणवतं. काहीही आखीव नाही. गवत वाढू दिलेलं आहे. मागे स्कायट्री हा टोकियोचा उंच मनोरा डोकावतो.

इथे बघायचा तो हागीचा बोगदा. बांबूच्या कमानींवर दोन्ही बाजूंनी हागीच्या फांद्या चढवलेल्या, साधारण तीस मीटर लांब. फुलं अगदी बारीक, गुलाबी-जांभळी, शेंगवर्गातली. एकटं फूल बघाल तर दुर्लक्ष कराल. ताईने केलंही. "एवढ्यासाठी आलो?"

पण मानयोशु या आठव्या शतकातल्या काव्यसंग्रहात सर्वांत जास्त कविता कोणत्या फुलावर आहेत? हागीवर. सुमारे १४०. त्याखालोखाल उमे, म्हणजे चीनहून आलेला आलुबुखारा-जर्दाळूच्या कुळातला मोहोर. साकुराच्या वाट्याला चाळीसेक. फूल म्हणजे साकुरा हे समीकरण नंतरचं, दरबाराची चव चीनकडून घराकडे वळल्यावरचं. त्याआधीच्या माणसांना शरदातलं हे रानटी झुडूप जास्त जवळचं होतं. कवितांत हागी ही हरणाची नवरी असते. हरणांच्या माजाचा हंगाम आणि हागीचा बहर एकाच वेळी येतात. नर ओरडतो, हागी गळते, कवी घर सोडून दूर कुठेतरी असतो. विरहाचं सगळं साहित्य तयार.

मानयोशुतच यामानोउए नो ओकुरा या कवीने शरदातल्या सात वनस्पती बोटांवर मोजल्या आहेत. हागी, सुसुकीचं तुऱ्याचं गवत, कुझु, नादेशिको, ओमिनाएशी, फुजिबाकामा आणि आसागाओ (जे आजच्या मते किक्यो असावं). वसंतातल्या सात वनस्पती जानेवारीत पेजेत घालून खातात. शरदातल्या फक्त बघायच्या. या बागेत त्या सातही शोधता येतात. ताईला सुसुकीचं गवत आवडलं आणि ती त्याच्यापाशी बराच वेळ बाकावर बसून राहिली. गुडघ्याचं कारण होतं, पण कबूल केलं नाही.

रविवार : यानाका

शरदसंपाताचा दिवस जपानात सार्वजनिक सुट्टीचा. या दिवशी सूर्य बरोबर पश्चिमेला मावळतो, आणि अमिताभ बुद्धाचा स्वर्ग पश्चिमेला. म्हणून मृतांचा पैलतीर या दिवशी सर्वांत जवळ येतो असं मानतात. मागचे तीन दिवस, पुढचे तीन दिवस आणि मधला हा, असा सात दिवसांचा ओहिगान. सगळे पूर्वजांच्या थडग्यांवर जातात. भाची "इथेही पक्षच आहे" म्हणाली ते हे.

निप्पोरी स्टेशनच्या पायऱ्या चढलं की यानाकाचं जुनं कबरस्तान. मधला रस्ता साकुराच्या झाडांचा, ज्यांच्याकडे आज कोणी ढुंकून बघत नव्हतं. कुटुंबंच्या कुटुंबं येत होती. लाकडी बादली, लांब दांड्याचा पळा, झाडू, उदबत्त्या, फुलं. आधी गवत उपटायचं. मग दगडावर पाणी घालून तो घासायचा. दोन्ही बाजूंच्या नळकांड्यांत फुलं, डावीकडे जेवढी तेवढीच उजवीकडे. मग उदबत्ती, हात जोडणं, आणि लगेच गप्पा. रडारड अजिबात नाही. एक आजोबा नातवाला पळ्याने पाणी कसं ओतायचं ते शिकवत होते आणि नातू बुटांवर ओतत होता.

फुलांत शेवंती सर्वांत जास्त. ती टिकते, पाकळ्या सांडून घाण करत नाही, शिवाय जुना दीर्घायुष्याचा मान आहेच. तिच्या जोडीला रिंदो, निळसर-जांभळं जेंशियन. सप्टेंबरच्या तिसऱ्या सोमवारी वृद्धांच्या आदराचा दिवस असतो, तेव्हा आजी-आजोबांना जिवंतपणी दिलं जातं तेही रिंदोच. काटेरी आणि विषारी फुलं सहसा आणत नाहीत. शिकिमी मात्र याला अपवाद. त्याच्या हिरव्या फांद्या बौद्ध पूजेत हमखास असतात, आणि ते झाड चांगलंच विषारी आहे. पूर्वी प्रेतं पुरायचे तेव्हा जनावरांनी जागा उकरू नये म्हणून शिकिमी लावायचे, असं सांगतात. विषामुळे टाळलेलं फूल आणि विषामुळेच जवळ केलेलं झाड एकाच कबरीपाशी.

ताईला खटकलं ते वेगळंच. थडग्यावर ठेवलेला खाऊ लोक हात जोडून झाल्यावर परत पिशवीत घालत होते. फलकच होता : कावळे येतात, नैवेद्य घरी न्या. टोकियोचे कावळे मोठे आणि धीट. "अगं, पण कावळ्यासाठीच तर ठेवायचं!" ताई मराठीत जोरात म्हणाली. समोरच्या बाईंनी वळून नम्रपणे मान झुकवली. आपल्याकडे पिंडाला कावळा शिवत नाही म्हणून माणसं ताटकळतात आणि इथे तो शिवू नये म्हणून पाटी. दोन्ही देशांतल्या पितरांचा या बाबतीत एकदा समन्वय व्हायला हवा.

शेवटचे शोगुन, म्हणजे लष्करी राज्यकर्ते, तोकुगावा योशिनोबु याच कबरस्तानात आहेत, १९१३ साली वारलेले. कुंपणाच्या फाटकावर तीन पानांचं चिन्ह. तोकुगावांचं हे आओई फूल नाही, पानंच आहेत, क्योटोच्या कामो देवळांशी जोडलेल्या एका वनस्पतीची. ज्या घराण्याने अडीचशेहून अधिक वर्षं देश चालवला त्याने फुलाचा हट्ट धरला नाही, हे मला आवडलं.

उतरताना यानाकाच्या बाजारात ओहागी घेतले. चिकट भाताचा गोळा, वर लाल घेवड्याचं गोड पुरण. ओहिगानला हेच खायचं, आणि त्याला हागीचं नाव. वसंतसंपातालाही हाच पदार्थ करतात, पण तेव्हा तो बोतामोची होतो, बोतान म्हणजे पिओनी फुलाच्या नावाने. पदार्थ तोच, ऋतू बदलला की अंगावरचं फूल बदलतं. ताईने तीन खाल्ले. पुरण जमलंय, वेलदोडा हवा होता, असा शेरा.

सोमवार : क्योटोची गाडी

भाची कामावर गेली, आम्ही दोघी शिंकानसेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, निघालो. सव्वादोन तासांच्या प्रवासासाठी तिने हानाफुदाचा जोड दिला होता. हे फुलांचे पत्ते. ४८ पत्ते, बारा महिने, प्रत्येक महिन्याला एक झाड किंवा फूल आणि त्याचे चार पत्ते. जानेवारी पाईन, फेब्रुवारी उमे, मार्च साकुरा, एप्रिल फुजी, मे आयरिस, जून पिओनी, जुलै हागी आणि तिच्याजवळ रानडुक्कर, ऑगस्ट सुसुकीवरचा चंद्र. सप्टेंबर शेवंती, आणि एका पत्त्यावर तिच्यासोबत साकेचा, म्हणजे तांदळाच्या दारूचा, पेला. नवव्या महिन्याच्या नवव्या दिवशी शेवंतीचा सण असे, तेव्हा पाकळ्या घातलेली साके पीत, त्याची ही खूण. हे पत्ते बनवण्यासाठीच १८८९ साली क्योटोत एक दुकान निघालं. त्याचं नाव निंतेंदो. व्हिडिओ गेम नंतर आले.

समोरच्या सीटवरच्या गृहस्थांच्या कोटावर सोनेरी सूर्यफुलाचा लहानसा बिल्ला होता. जपानात वकिलांचा बिल्ला तोच. सूर्यफूल न्याय आणि स्वातंत्र्याचं, मधला तराजू समतोलाचा. ताई म्हणाली, "मग याच्यासमोर पत्ते नको खेळूया."

मंगळवार : क्योटो

सकाळी रोक्काकुदो. शहराच्या मधोमध, उंच इमारतींच्या बेचक्यात षट्कोनी छपराचं देऊळ. इकेबाना, म्हणजे फुलं मांडण्याची जपानी कला, इथे वाढली. या देवळाचे पुजारी बुद्धासमोर फुलं मांडायचे, आणि १४६२ सालच्या एका दैनंदिनीत सेंकेइ नावाच्या पुजाऱ्याची फुलं बघायला लोक जमल्याची नोंद आहे. ते तळ्याकाठच्या खोलीत राहत, म्हणून घराणं इकेनोबो. आजही तेच घराणं शेजारच्या इमारतीतून ही कला शिकवतं. म्हणजे मुळात ही पूजेचीच फुलं. बुद्धाला फुलं वाहण्याची रीत आपल्याकडून चीन-कोरियामार्गे इथवर आली आणि इथे तिचं वेगळंच काही झालं. आपण देवाला देठ खुडून, ओंजळ भरून वाहतो. त्यांनी देठालाच महत्त्व दिलं. तिथल्या मांडणीत एक किडीने खाल्लेलं पान मुद्दाम ठेवलेलं होतं. ताईने ते काढायला हात पुढे केला, मी धरला.

तिथून राजवाड्याच्या पूर्वेला नाशिनोकी देऊळ. हागीचा उत्सव नुकताच झाला होता आणि झुडपांना कवितांच्या कागदी पट्ट्या अजून लटकत होत्या. पट्टी वाऱ्याने फिरली की खालची फुलं झडत. देवळाच्या विहिरीचं पाणी नावाजलेलं, लोक मोठमोठ्या बाटल्या घेऊन रांगेत. आम्हीही भरलं.

दुपारी सेइमेइ देऊळ, खास किक्योसाठी. पंचकोनी निळी-जांभळी फुलं. हंगाम संपत आलेला, वीसेक उरली असतील. आबे नो सेइमेइ हे दहाव्या शतकातले दरबारी ज्योतिषी-मांत्रिक, त्यांची खूण पाच टोकांची चांदणी, आणि किक्योच्या फुलाचा आकारही तोच. म्हणून इथे कंदिलांपासून ताईतांपर्यंत सगळीकडे ती चांदणी.

पण जपानी इतिहासात किक्यो म्हटलं की दुसरंच नाव येतं, आकेची मित्सुहिदे. त्याच्या घराण्याचं चिन्ह किक्यो. १५८२ साली याच शहरात, होन्नो-जी देवळात उतरलेल्या आपल्या धन्यावर, ओदा नोबुनागावर, तो सैन्यासह चालून गेला. नोबुनागाने पोट फाडून घेतलं. जपानातली ही सर्वांत प्रसिद्ध फितुरी. आता माझ्या फोनमधल्या यादीत किक्योचा अर्थ बघा : प्रामाणिकपणा, अखंड प्रेम. यादी आणि इतिहास एकमेकांना ओळखही दाखवत नाहीत. आणि ज्या फुलाची इतकी देवळं, इतकी चिन्हं, ते जपानच्या माळरानांवर आता धोक्यात आलेल्या वनस्पतींच्या यादीत आहे. गवत कापायला कोणी उरलं नाही की किक्योही उरत नाही.

संध्याकाळी चहासोबत मिठाई आली. गुलाबी शेवंती आणि तिच्यावर पांढरा पुंजका. हेइआन काळात (आठव्या ते बाराव्या शतकात) शेवंतीच्या सणाच्या आदल्या रात्री फुलांवर कापूस ठेवायचे, सकाळी दवाने भिजलेल्या त्या कापसाने चेहरा पुसायचा, म्हणजे म्हातारपण दूर. 'गेंजीची कथा' लिहिणाऱ्या मुरासाकी शिकिबुने आपल्या रोजनिशीत असा कापूस भेट मिळाल्याचं लिहिलं आहे. ताईने तो पुंजका गालाला लावून मग खाल्ला.

बुधवार : असुका

क्योटोहून किंतेत्सु रेल्वेने काशिहारा-जिंगुमाए, तिथे गाडी बदलून असुका. बहुतेक लोक सायकली भाड्याने घेतात. आम्ही कासवाचं चित्र असलेली बस पकडली आणि इशिबुताई या प्राचीन थडग्याच्या प्रचंड शिळांपासून इनाबुची गावाकडे चढ चालत गेलो. ताई थांबत थांबत आली, पण आली.

इथला हिगानबाना किंचाकुदासारखा गालिचा नाही. डोंगरउतारावर भाताची खाचरं, भात पिवळं व्हायला आलेलं, आणि प्रत्येक बांधावर लाल रेघ. वर, त्याच्या वर, अजून वर. रस्त्याच्या कडेला बुजगावण्यांची स्पर्धा लागलेली. एक कुदळ मारत होतं, एक मोबाइल बघत होतं, एक आजीबाई इतकी खरी होती की ताईने तिला नमस्कार केला.

दुसरी आजीबाई खरीच होती. डोक्याला मागे फडका शिवलेली टोपी, हातात विळा. फोनच्या भाषांतरातून बोलणं सुरू झालं. फुलं कोणी लावली? तिच्या सासऱ्यांच्याही आधी कोणीतरी. कशाला? तिने विळ्याच्या टोकाने बांधाच्या अंगात एक भोक दाखवलं. चिचुंद्र्यांसारखे जमिनीखालून पोखरणारे प्राणी आणि उंदीर. बांध पोखरला की खाचरातलं पाणी रात्रीत खालच्या खाचरात. हिगानबानाच्या कंदात लायकोरिन हे विष असतं, त्याच्या वाटेला ते जात नाहीत. कबरीच्या बाजूने लावायचे तेही याच कारणाने. ताईच्या शुक्रवारच्या प्रश्नाचं उत्तर हे होतं. म्हणजे मरणाचा आणि या फुलाचा संबंध विरहाच्या कथांतून आलेला नाही. मेलेल्या माणसाला आणि भाताला उकरून काढू नये म्हणून लावलेलं हे कुंपण आहे.

दुष्काळात हेच कंद किसून, पुन्हा पुन्हा पाण्यात धुऊन, विष काढून खायचे. कंद विषारी म्हणून एरवी कोणी उपटत नाही, त्यामुळे अगदीच काही उरलं नाही की बांधावर हे असायचंच. आजी म्हणाली, लहानपणी फूल घरी नेलं की मार बसे. घरी नेलं तर घराला आग लागते, असं सांगायचे. मला ते भीती घालणं फार शहाणपणाचं वाटलं. पोरांनी कंद तोंडात घालू नयेत आणि बांधही शाबूत राहावा, एका दमात दोन्ही कामं.

आणि इतक्या स्वच्छ रेषेत फुलं कशी? दांडे वर यायच्या जरा आधी बांधावरचं गवत कापतात. उशीर झाला तर दांडेच कापले जातात. विळा त्यासाठी. यंदा उन्हामुळे दांडे कधी येणार तेच कळेना, तेव्हा तिने दोनदा कापलं म्हणे.

गुरुवार : नारा

विमान रात्री ओसाकाहून, म्हणून दिवस नाराला. तोदाइ-जी देवळातला महाबुद्ध कमळावर बसला आहे. कमळाच्या काशाच्या पाकळ्यांवर सगळं विश्व बारीक रेघांत कोरलेलं आहे, बुद्ध, आकाशं, सुमेरू. त्यांतल्या काही पाकळ्या आठव्या शतकातल्या. खालून फारसं दिसत नाही. ७५२ साली या मूर्तीचे डोळे उघडण्याचा विधी बोधिसेन या भारतीय भिक्षूच्या हातून झाला. त्याच्या कुंचल्याला लांब दोऱ्या बांधल्या होत्या आणि जमलेल्यांनी त्या धरल्या, म्हणजे पुण्यात सगळ्यांचा वाटा. तो कुंचला शोसोइन भांडारात अजून जपून ठेवला आहे. बोधिसेन परत गेला नाही, इथेच वारला.

कासुगा देवळात फुजीला नुसती पानं होती. फुजिवारा घराण्याचं हे देऊळ, म्हणून त्यांचं फूल इथे सगळीकडे. पुजारणींच्या केसांतल्या फुलपिना फुजीच्या, खांबांवर फुजी, आणि आमच्या पाकिटात उरलेल्या एकुलत्या ५००० च्या नोटेवरही. हरणांना हागीची आठवण असेल असं वाटलं नाही. त्यांनी ताईच्या पिशवीतला नकाशा खाल्ला.

कोणी याच दिवसांत जाणार असेल तर दोन गोष्टी. ओहिगानच्या सुट्टीत हॉटेलं महाग होतात, क्योटो आधी ठरवा. आणि हिगानबाना आता तारखेवर भरवसा ठेवण्यासारखा राहिलेला नाही, निघण्याआधी बहराची बातमी बघा. किंचाकुदा आणि असुकापैकी एकच जमणार असेल तर असुका.

ताई आता मार्चची तिकिटं बघते आहे, साकुरासाठी. मी जून म्हणते. पावसात कामाकुराच्या मेइगेत्सु-इन देवळात हायड्रेंजिया निळा होतो. जमीन आम्लधर्मी तर निळा, नाहीतर गुलाबी, म्हणून जुन्या अर्थाने हे चंचल मनाचं फूल. आता फुलवाले तेच "सगळं कुटुंब एकत्र" म्हणून मातृदिनाला विकतात. भाचीचं मत विचारलं तर ती म्हणाली, जूनमध्ये यायचं तर छत्र्या तुमच्या तुम्ही आणा.